पूररेषेच्या वर-खाली: वैनगंगेकाठच्या एका वस्तीचा आराखडा

वैनगंगेच्या उजव्या काठावरचं एक तालुक्याचं गाव. कन्हान नदी येऊन मिळते त्याच्या खाली, गोसीखुर्द धरणाच्या पाणफुगवट्यात, म्हणजे धरणामुळे मागे तुंबलेल्या पाण्यालगत. गावाचं नाव देत नाही, कारण अशा दोन-तीन गावांमधल्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण रचलं आहे आणि जागेची मापं अभ्यासासाठी बसवलेली आहेत. नदी, धरण, पूर आणि नियम मात्र आहेत तसेच घेतले आहेत.

नगरपंचायतीच्या मालकीची घाटालगतची २.४ हेक्टर जागा विकसित करायची, असा ठराव झाला. नदीच्या कडेने १६० मीटर लांब, नदीपासून बाजार रस्त्यापर्यंत १५० मीटर खोल. सध्या तिथे जुना दगडी घाट आहे, एक पडकी धर्मशाळा, आठवडी बाजाराचं मैदान, आणि ३० घरांची वस्ती. १८ घरं मासेमारी करणाऱ्या ढिवरांची, १२ विणकर कोष्ट्यांची. जिल्ह्याबाहेरून आलेल्या एका बिल्डरने सभागृहात चित्रं दाखवली. नदीला अगदी चिकटून पाच मजली इमारती, खाली कॉफीची दुकानं, पाण्यात पांढऱ्या बोटी, दूरवर क्रेन. क्रेन कशासाठी, असं कुणी विचारलं नाही. ती चित्रं युरोपातल्या कुठल्या तरी बंदराची होती आणि त्यांवर गावाचं नाव टाकलं होतं. सदस्यांना चित्रं आवडली. मुख्याधिकाऱ्यांनी मात्र एकच कागद मागितला, जागेचा छेद, म्हणजे नदीपासून रस्त्यापर्यंत जमीन कशी चढत जाते आणि त्यावर पाणी कुठवर येतं ते दाखवणारा नकाशा. तो बिल्डरकडे नव्हता.

माझ्या मते हे सगळं प्रकरण त्या एका कागदाचं आहे. काठावरच्या वस्तीचा दर्शनी भाग कसा दिसतो हे शेवटी ठरतं. आधी ठरतं ते कुठली गोष्ट किती उंचीवर ठेवायची, आणि खालची उंची कुणाच्या वाट्याला येते.

जमीन आणि पाणी

घाटाची सगळ्यात वरची पायरी शून्य धरली. तिथून बाजार रस्त्यापर्यंत जमीन ४.५ मीटर चढते. पाटबंधारे विभागाची निळी पूररेषा, म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, +१.२ मीटरवर. लाल रेषा, शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची, +३.० मीटरवर. या दोन रेषांनी जागेचे तीन पट्टे पाडले. निळ्या रेषेखाली ०.८ हेक्टर, दोन रेषांच्या मधे १.० हेक्टर, लाल रेषेच्या वर ०.६ हेक्टर.

राज्याची एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली २०२० पासून लागू आहे आणि ती याबाबत गुळमुळीत नाही. निळ्या रेषेखाली बांधकामाला मनाई. उघडा भाजीबाजार, बगीचा, वाहनतळ, मोकळं मैदान, स्मशानभूमी, सार्वजनिक स्वच्छतागृह, नळवाहिन्या, एवढंच चालतं. दोन रेषांच्या मधे बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या किमान ०.४५ मीटर वर हवं. म्हणजे आपल्या जागेत +३.४५. बिल्डरच्या सगळ्या इमारती निळ्या रेषेच्या खाली होत्या, तेव्हा त्या तिथेच संपल्या. सभागृहात थोडा गोंधळ झाला. "रेषा सरकवता येते का?" असाही प्रश्न आला.

रेषा कागदावरची आहे असं वाटणाऱ्यांनी ऑगस्ट २०२० आठवावा. मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात संजय सरोवर धरण भरलं, तिकडून विसर्ग वाढला, आणि २९ ऑगस्टपासून दोन-तीन दिवसांत वैनगंगेने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांत गावं बुडवली. गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले. आपल्याकडे पाऊस उघडलेला असताना हा पूर चढला, हे त्यातलं खरं शिकण्यासारखं. नदीकाठचा माणूस आभाळाकडे बघून अंदाज बांधतो. वरच्या धरणातून निघालेलं पाणी आभाळात दिसत नाही.

धरणाने आणखी एक बदल केला. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्दची पूर्ण संचय पातळी २४५.५० मीटर. पाणी अडायला लागल्यावर या गावापुढे बारमाही पाणी उभं राहिलं. आधी उन्हाळ्यात पात्र उघडं पडायचं, रेतीत डांगरवाड्या, म्हणजे डांगर-वाळकांचे मळे, लागायच्या, माणसं चालत पलीकडे जायची. आता पावसाळा संपला की पाणी भरून राहतं आणि पुढे हळूहळू उतरतं. उतरलेल्या पट्ट्यातल्या ओल्या गाळात काही जण पेरणी करतात, तिला गाळपेर म्हणतात. "वॉटरफ्रंट" हा शब्द सभागृहात आला तो या उभ्या पाण्यामुळेच.

त्या पाण्याबद्दल एक गोष्ट बोलून टाकतो, कारण चित्रांत ते निळंशार होतं. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं. पाणी थांबलं की जलपर्णी माजते. नदीकडे खिडकी देणं सोपं आहे. एप्रिलमध्ये ती उघडी ठेवावीशी वाटेल का, याचं उत्तर या जागेच्या आराखड्यात नाही, ते नागपूरच्या सांडपाणी प्रक्रियेत आहे. घराच्या किमतीत "नदीचं दर्शन" धरणाऱ्याने हे लक्षात घ्यावं.

बंदरातून काय घ्यायचं

बिल्डरची चित्रं टाकून द्यायची होती, पण ज्या तऱ्हेच्या प्रकल्पावरून ती उचलली होती, त्यातलं काही कामाचं होतं. हॅम्बुर्गचं हाफेनसिटी हे त्याचं सगळ्यात नीट अभ्यासलेलं उदाहरण. एल्बे नदीवरच्या जुन्या बंदराची १५७ हेक्टर जागा, २००० साली मंजूर झालेला बृहद् आराखडा, आणि घरं, कचेऱ्या, दुकानं, शाळा एकमेकांत मिसळून. शेजारी स्पायखरश्टाट ही विटांच्या जुन्या गोदामांची वस्ती, २०१५ पासून जागतिक वारसा यादीत. हे सगळं शहराच्या मुख्य पूरबंधाऱ्याच्या बाहेर आहे. १९६२ च्या फेब्रुवारीतल्या पुरात हॅम्बुर्गमध्ये ३१५ माणसं गेली, त्यामुळे तिथे पुराशी थट्टा नाही.

त्यांनी नवा बंधारा घातला नाही. इमारती आणि मुख्य रस्ते समुद्रसपाटीपासून सुमारे ८ मीटरच्या वर, भरावाच्या ओट्यांवर नेले. पाण्यालगतचे फिरायचे रस्ते मात्र मुद्दाम खालीच ठेवले. वादळी भरती आली की ते बुडतात, ओसरली की धुऊन पुन्हा वापरात. आणि वरच्या पातळीवरून कोरड्या पायाने मूळ शहरात जाता येईल अशा वाटा ठेवल्या. चित्रं बघणाऱ्याला कॉफीची दुकानं दिसतात, पण घेण्यासारखी गोष्ट ही वाट आहे.

दुसरी गोष्ट जमीन देण्याची. तिथे बहुतेक भूखंड सगळ्यात जास्त बोली लावणाऱ्याला दिले नाहीत. निवडीत कल्पनेला जास्त वजन, सुमारे ७० टक्के, आणि किमतीला ३०. आपल्याकडे नगरपंचायतीची जमीन द्यायची तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ९२ मधून जावं लागतं, आणि कुठलाही अधिकारी लेखापरीक्षणाच्या भीतीने जास्तीत जास्त बोलीकडेच झुकतो. त्याला दोष देता येत नाही. म्हणून ठरलं ते असं की वस्तीचा छेद, ३० कुटुंबांची घरं आणि खालच्या पट्ट्याचा वापर या गोष्टी निविदेच्या अटींतच घालायच्या, त्या मानेल त्यालाच बोली लावता येईल. पद्धत तीच, पण कल्पना आधी गोठवलेली.

बाकी हॅम्बुर्गचं फारसं इथे चालत नाही. तिथला पूर काही तासांचा असतो, वैनगंगेचा काही दिवसांचा. तिथल्या तळमजल्यांना पोलादी पूरदरवाजे आहेत. आपल्याकडे असा दरवाजा बसवला तर तिसऱ्या वर्षी त्याचं रबर निघालेलं असेल आणि चावी कुणाकडे आहे हे कुणाला माहीत नसेल.

भराव की खांब

मधल्या एक हेक्टरात जोतं +३.४५ वर न्यायचं तर पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तो मुरूम टाकून भरून घेण्याचा. हिशेब केला. या पट्ट्यात जमीन +१.२ पासून +३.० पर्यंत चढते, सरासरी +२.१. म्हणजे सरासरी १.३५ मीटर भराव, एकूण १३,५०० घनमीटर. ब्रासमध्ये सुमारे ४,७७०. तेवढा मुरूम कुठली तरी टेकडी खाऊनच येणार. शिवाय तेवढी जागा पुराच्या पाण्याकडून काढून घेतली की ते पाणी शेजारच्या मोहल्ल्यात जाणार. वस्तीच्या उत्तरेकडून गावाचा नाला येतो. भराव घातला असता तर नाल्याचं तोंडही आवळलं गेलं असतं. भरावाने आपलं घर वाचतं आणि शेजाऱ्याचं बुडतं, आणि हे शेजाऱ्याला पहिल्या पुरातच कळतं.

मग सगळं खांबांवर उचलायचं? इथे छेदाने एक गंमत दाखवली. +३.४५ चं किमान जोतं पाळून खांबांवर घर उभं केलं तर पट्ट्याच्या वरच्या भागात घराखाली जेमतेम अर्धा मीटर पोकळी राहते, मधे एक-दीड मीटर, खालच्या टोकाला सव्वादोन. अर्ध्या ते दीड मीटरची पोकळी कुणाच्याच कामाची नसते. माणूस उभा राहू शकत नाही, कुत्री आणि साप राहतात, प्लास्टिक साचतं. नियम पाळला जातो आणि घर वाईट होतं.

म्हणून मधल्या पट्ट्याचेच तीन भाग केले, प्रत्येकी साधारण २१ मीटर रुंद. सगळ्यात वरचा, जिथे जमीन +२.४ ते +३.० आहे, तिथे भराव. सरासरी पाऊण मीटर उंचीचा, सुमारे २,५०० घनमीटर, नऊशे ब्रासच्या आत. तोही सलग नाही, मधे गल्ल्या सोडून. मधला भाग, +१.८ ते +२.४, तिथे खांब. पण किमान जोत्यावर थांबायचं नाही, तळ +१.९ वर सपाट करून घराची जमीन थेट +४.६ वर न्यायची, म्हणजे खाली बीमपर्यंत २.४ मीटर मोकळी उंची मिळते. आणि सगळ्यात खालचा भाग, +१.२ ते +१.८, नियमाने बांधता येत असूनही रिकामा सोडायचा. या शेवटच्या निर्णयावर बिल्डर दोन बैठका अडून बसला. एक तृतीयांश हेक्टर सोडायचं म्हणजे काय!



कोण कुठे

आराखडा इथवर आल्यावर वस्तीत बैठक झाली. ढिवर वस्तीतले एक बुजुर्ग सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "पानी सांगून येत नाही जी. तुमी घर वर नेता, चांगली गोष्ट हाय. पर डोंगा कोठी बांधाचा? जाळं कोठी वाळवाचं?" त्यांचा प्रश्न खांबांच्या बाजूचा होता. घराखालची २.४ मीटर उंचीची सावली ही त्यांना हवी असलेली जागा. जाळी विणणं, डोंग्याची डागडुजी, मासळी निवडणं, शेळ्या बांधणं. आठ-दहा महिने ती जागा त्यांची, पुराच्या दिवसांत नदीची.

कोष्ट्यांच्या घरी उत्तर नेमकं उलटं मिळालं. भंडारा जिल्ह्यातलं कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, विणकाम बरंचसं खड्ड्याच्या मागावर होतं. विणणारा जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात, पायाने दाबायच्या पावड्या खड्ड्यात. खड्ड्यातली ओल सुताला हवीच असते, कोरड्या हवेत ताणा, म्हणजे उभे धागे, तुटतो. एका काकूंनी स्पष्ट विचारलं, "घर वर टांगाल बाबू, तं माग कोठी टांगाचा?" खांबांवरच्या स्लॅबमध्ये खड्डा पडत नाही. आणि खाली खांबांच्या मधे खड्डा घेतला तर पहिल्याच पुरात ताण्यासकट माग गेला.

त्यामुळे वाटणी आपोआप झाली. कोष्ट्यांची १२ घरं भरावावर, +३.४५ वर, जमिनीला टेकलेली. पुढे छपरी, तिच्या उत्तरेला मागाची खोली, मागे छोटी सांदवाडी, म्हणजे परसू. ढिवरांची १८ घरं खांबांवर. प्रत्येक घर ७ मीटर रुंद, म्हणजे १६० मीटरांत १२६ मीटर घरं आणि उरलेले ३४ मीटर फटी. या फटी नकाशात नाल्याच्या आणि पुराच्या प्रवाहाच्या रेषेत ठेवल्या आहेत, सुंदर दिसतं म्हणून नाही.

मिश्र वापर म्हटलं की आपल्याकडे खाली दुकान आणि वर फ्लॅट एवढंच डोळ्यांसमोर येतं. इथे तो वेगळा निघाला. एकच जमीन ऋतूप्रमाणे काम बदलते. निळ्या रेषेखालचा पट्टा: पावसाळ्यात काहीही नाही, चराई फार तर. भाऊबीजेपासून मंडई, म्हणजे भाजीबाजार नव्हे, इकडची जत्रा. झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडईचे दिवस येतात, दिवसा दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक, आणि त्याला सपाट मोकळं मैदान लागतं, जे गावात दुसरीकडे कुठेच उरलेलं नाही. पुढे आठवडी बाजार, उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळपेरीची डांगरं, वाळकं तिथेच विकायला. पक्कं बांधकाम फक्त फरशीचे ओटे, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह. ओट्यांना छत द्यावं, अशी मागणी झाली. निळ्या रेषेखाली छत म्हणजे बांधकाम, म्हणून दिलं नाही. खांबांसाठी खोबणी ठेवल्या, बाजाराच्या दिवशी बांबू रोवून ताडपत्री ताणता येते. गावात ते असंच चालतं.

खांबांखालची जागा लोक बंद करतात, हा सगळीकडचा अनुभव. दोन वर्षांत विटांची भिंत, मग शटर, मग भाडेकरू. बंद झालेली पोकळी पुरात भिंतीसारखी उभी राहते, सगळा दाब तिच्यावर येतो. करारात बंदी लिहून ती थांबत नाही. माणूस भिंत बांधतो ती आडोसा हवा म्हणून आणि सामान सुरक्षित राहावं म्हणून, तेव्हा ते दोन्ही आधीच द्यायचं. आडोशाला बुरडांकडून विणलेल्या बांबूच्या तट्ट्या, वरच्या बीमला अडकवलेल्या, पूर यायच्या आत गुंडाळून वर बांधता येणाऱ्या. सामानाला घराच्या जमिनीखालीच लटकता माळा, +४.० च्या वर, जाळी आणि इंजिन ठेवायला. मालाला जागा मिळाली की शटरची निकड बरीच कमी होते. पूर्ण जाते असं मी म्हणणार नाही.

वाट, खिडक्या, पैसे

खांबांवरची घरं +४.६ वर, बाजार रस्ता +४.५ वर. मधे भरावावरची कोष्टी आळी +३.४५ वर, तीही लाल रेषेच्या वर. घरांच्या पुढे +४.६ वर दोन मीटर रुंद सलग सज्जा काढला आणि तो दोन ठिकाणी उताराने आळीत उतरवला. उंचीतला फरक १.१५ मीटर, एकास बारा उतार धरला तर सुमारे १४ मीटर लांबी. हातगाडी, सायकल, व्हीलचेअर, आणि अर्थात मोटरसायकल जाते. शंभर वर्षांच्या पुरातही वस्तीतल्या कुणाला पाण्यात पाय न घालता बाजार रस्त्यावर येता येतं. हाफेनसिटीतून घेतलेली ती वाट हीच. रोजच्या दिवसांत ती ढिवरांच्या बायकांची बसायची जागा आणि गुजरीत, म्हणजे भाजी-मासळीच्या बाजारात, जायचा रस्ता. "वरच्या माळ्यावर म्हस कशी चढन?" असा एक प्रश्न आला होता. म्हशींसाठी कोष्टी आळीच्या टोकाला, भरावावर, सामाईक गोठा ठेवला.

आता बिल्डरची बाजू. त्याला बोली लावायला उरला तो लाल रेषेच्या वरचा ०.६ हेक्टर, बाजार रस्त्यालगत. तळाला २० दुकानं, वर २६ फ्लॅट. त्याचं म्हणणं, नदीपासून ११० मीटर मागे फ्लॅट कोण घेणार? इथे पुन्हा छेद उपयोगी पडला. दुकानाची उंची ४.२ मीटर धरली तर पहिल्या मजल्याची जमीन +८.७ वर येते, उभ्या माणसाची नजर +१०.२ च्या आसपास. पुढे खांबांवरची घरं एकमजली, त्यांच्या कवेलूच्या छपराचा आढा +९ पर्यंत. म्हणजे पहिल्या मजल्यापासूनच छपरांवरून नदी दिसते. अट एकच, पुढच्या दोन रांगांवर कधीही मजला चढणार नाही. ती अट आता बिल्डरच हट्टाने लिहून मागतो. गरिबांच्या घरावर दुसरा मजला नको म्हणणारा नियम श्रीमंतांच्या दृश्यासाठी आला, ही गोष्ट मला खटकते. कुटुंब वाढलं तर काय, याचं उत्तर म्हणून प्रत्येक खांबावरच्या घराला बाजूच्या फटीकडे एक खोली वाढवायची मुभा ठेवली, फटीची किमान रुंदी राखून.

उजवा काठ असल्यामुळे नदी पूर्वेला येते, हे या जागेचं नशीब. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या मुलखात पश्चिमेला तोंड केलेला काचेचा फ्लॅट म्हणजे भट्टी. इथे नदीकडची गॅलरी सकाळचं ऊन घेते आणि दुपारनंतर सावलीत जाते. पश्चिमेची, बाजार रस्त्याकडची भिंत जाड, खिडक्या लहान, पुढे पायऱ्या आणि स्वच्छतागृहांची रांग. चित्रातल्या काचा इथे कुणी मागितल्याही नाहीत.

पायाबद्दल थोडक्यात. वर गाळाची माती, खाली फुगणारी काळी, तिच्याखाली मुरूम. खांबांच्या पायाला अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर केलेले जमिनीतले खांब, मुरमात टेकवलेले. नदीकडचे खांब गोल, कारण पुरात वाहून येणारं झाड चौकोनी खांबाला अडकून बसतं आणि मग त्याला आणखी दहा येऊन अडकतात. शौचालयाच्या टाक्या खांबांखाली नकोत. पुरात त्या उलटतात. +४.६ वरच्या घरातून नळ उताराने भरावावरच्या सामाईक टाक्यांकडे नेला.

पैशांची गाठ सगळ्यात अवघड. ३० कुटुंबांना प्रधानमंत्री आवास योजनेतून स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळू शकतो. ३० घरांचे ७५ लाख. पण त्यासाठी जागेचा हक्क हवा, आणि वस्तीत कागदपत्रं असलेली घरं फक्त ११. बाकी १९ पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहेत, पण सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाहीत. नियमावलीतही निळ्या रेषेखालच्या जुन्या घरांच्या पुनर्बांधणीची सवलत "अधिकृत" घरांनाच. म्हणजे ज्यांना पुराचा धोका सगळ्यात जास्त, त्यांनाच योजनेचं दार बंद. तोडगा असा काढला: नगरपंचायतीने आधी ३० भूखंड पाडायचे, ते पती-पत्नीच्या संयुक्त नावाने भाडेपट्ट्याने द्यायचे, आणि मगच बाकीच्या ०.६ हेक्टरची निविदा काढायची. खांबांचा, सज्ज्याचा आणि भरावाचा खर्च निविदेतल्या रकमेतून, घराच्या भिंती आणि छप्पर अनुदानातून. क्रम उलटा झाला तर काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानं आधी उघडतात आणि घरं "दुसऱ्या टप्प्यात" जातात.

२० दुकानांपैकी ६ वस्तीतल्यांसाठी राखीव. त्यांत एक बर्फघर, एक कोशाच्या कापडाचं विक्री केंद्र, बाकी जे चालेल ते, पानठेल्यासकट. फ्लॅट घेऊ इच्छिणाऱ्या काही मंडळींनी मासळीच्या वासाची तक्रार आधीच नोंदवली. त्यावर कोष्ट्यांपैकी एक जण म्हणाले, "आमी साठ वर्सं त्याच वासात जेवलो." मासळीचा ओटा घाटाच्या दक्षिण टोकाला ठेवला आहे, फ्लॅटपासून दूर, पण हलवून गावाबाहेर नेला नाही. तो तिथे आहे म्हणूनच घाटावर पहाटे पाचपासून वर्दळ असते.

सध्याची स्थिती

आराखडा पाटबंधारे विभागाच्या ना-हरकतीसाठी गेला आहे. त्यांचा एक मुद्दा रास्त आहे. पाणफुगवट्यातल्या पूररेषा धरणाचे दरवाजे कसे चालवले जातात यावर अवलंबून असतात, तेव्हा २०२० च्या पुराची प्रत्यक्ष खूण आणि लाल रेषा ताडून पाहा, असं त्यांनी कळवलं. धर्मशाळेच्या भिंतीवर ती खूण आहे. लेव्हल मशीन लावून मोजली तेव्हा ती लाल रेषेच्या २० सेंटिमीटर खाली निघाली. म्हणजे +२.८. खांबांवरची घरं, आळी, सज्जा, सगळं त्याच्या वर राहतं.

पडक्या धर्मशाळेचं काय करायचं हे ठरलेलं नाही. ती दोन रेषांच्या मधे, सोडून दिलेल्या खालच्या तुकड्यात येते. बिल्डरला ती पाडून वाहनतळ हवा आहे. मुख्याधिकाऱ्यांना दुरुस्त करून मंडईच्या दिवसांत मुक्कामाची सोय हवी आहे. ढिवर वस्तीचं म्हणणं तिसरंच: तिचं दार काढून टाका, भिंती राहू द्या, डोंगे आत ठेवू. जून उजाडायच्या आत भूखंडांची मोजणी संपवायची असं ठरलं आहे. १९ बिनकागदी घरांपैकी ७ घरांनी अजून मोजणीच्या अर्जावर सही केलेली नाही.